खिडकीपर्यंतची सोबत : क्षेत्रकार्याच्या नोंदी, जुलै ते डिसेंबर २०२४

११ जुलै, जळगाव

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाचं क्षेत्रकार्य आजपासून या संस्थेत. समलिंगी, तृतीयपंथी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या समान हक्कांसाठी संस्था काम करते. कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार. माझ्याबरोबर राष्ट्रीय सेवा योजनेतली पदवीची मुलंमुली, विधी महाविद्यालयाच्या दोघी आणि संगणकशास्त्राचा एक मुलगा. रासेयोच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, बरेच जण त्यासाठीच आले आहेत आणि तसं सांगतातही. समन्वयक ताई म्हणाल्या, "तासांसाठी या, माझी ना नाही. फक्त एक सवय आजपासून सोडायची. समोर बसलेल्याला आडनाव आणि गाव विचारायचं नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आपल्याकडे बोलणंच तिथून सुरू होतं. पाटील का? कोणत्या गावचे? मग अमक्या सरपंचांचे तुम्ही कोण? दोन प्रश्नांत सोयरीक निघते, चहा येतो. इथे तीच ओळख एखाद्याला घराबाहेर काढू शकते. एका तालुक्यातला मुलगा पहिल्यांदा संस्थेत आला, टेबलावर त्याच तालुक्याची मुलगी बसलेली दिसली आणि तो पाणीही न पिता परत गेला, हे ताईंनी पाहिलेलं आहे.

म्हणून नोंदवहीत नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही. या नोंदींतही माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. फोन नंबर फक्त ताईंकडे.

१२ जुलै

कायद्याची उजळणी. विधीच्या दोघींनी फळ्यावर मांडलं. १५ एप्रिल २०१४, नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटला : आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८, नवतेज सिंग जोहर खटला : सज्ञान व्यक्तींमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही. १० जानेवारी २०२० : तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा लागू. १७ ऑक्टोबर २०२३, सुप्रियो खटला : समलिंगी विवाहाला मान्यता देण्याची मागणी नाकारली.

खरी चर्चा झाली ती या महिन्यातल्या बदलावर. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ ला, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमाला, समांतर कलमच नाही. संमतीच्या संबंधांना ते २०१८ नंतर लागू नव्हतंच, पण पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर बळजबरी झाली तर पोलीस तेच लावत. नव्या संहितेतल्या बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून फक्त स्त्री आहे आणि शिक्षा किमान १० वर्षे. तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्याचं कलम १८ : सहा महिने ते २ वर्षे. विधीच्या मुलीने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खडू खाली ठेवला. अंगावर झालेला अत्याचार तोच, मग शिक्षेत एवढा फरक का, याचं उत्तर खोलीत कोणाकडे नव्हतं. या विषयावर निवेदन तयार करायचं ठरलं, मसुदा त्या दोघींकडे.

दुपारी भादलीची गोष्ट. भुसावळहून येणारी मुलं रोज भादली स्टेशनवरून जातात, पण अर्ध्या जणांना हे माहीत नव्हतं. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने स्त्री म्हणून त्यांचा अर्ज ग्राह्य धरायला सांगितलं, आणि गावाने त्यांना निवडून दिलं. नालसाचा निकाल दिल्लीत लागला खरा, पण जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात तो वापरून दाखवला तो या बाईंनी. मुलांना ही गोष्ट पाठ व्हावी असं मला वाटतं. कलमांपेक्षा ती लवकर समजते.

१८ जुलै

अर्जांच्या टेबलावर पहिला दिवस. ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. पोर्टल नोव्हेंबर २०२० पासून आहे. प्रतिज्ञापत्र जोडायचं. वैद्यकीय तपासणीची अट नाही, हे प्रत्येकाला आधी सांगायचं, कारण बहुतेकांना तीच भीती असते. नियमाप्रमाणे पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळायला हवं.

आजचं काम अडकलं ते पत्त्यावर. धुळे जिल्ह्यातल्या एका डेऱ्यातल्या (तृतीयपंथी गुरू आणि चेले एकत्र राहतात ते घर) गुरुमा, म्हणजे डेऱ्याच्या प्रमुख, आल्या होत्या, साठीच्या आतबाहेर. आधारवर जन्मगावचा पत्ता, तो दुसऱ्या जिल्ह्यातला. नाव जन्माचं, पुरुषाचं. राहतात तो डेरा त्यांच्या गुरूच्या नावावर, गुरू वारून बरीच वर्षं झाली. विजेचं बिल गुरूच्या नावाने येतं. भाडेकरार नाही. चेल्याने गुरूच्या मागे डेरा चालवायचा ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचा कागद कधी झालाच नाही. आणि अर्ज तर जिथे सलग वर्षभर वास्तव्य आहे त्या जिल्ह्यातच करायचा.

पत्त्यासाठी नगरसेवकाचा दाखला चालला असता. पण मुदती संपल्यात, पालिकेवर प्रशासक आहे, नगरसेवकच नाही. राहिला राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा विहित नमुना. म्हणजे क्रम असा : आधी आधारवर पत्ता, मग पोर्टलवर अर्ज, मग प्रमाणपत्र, मग त्या प्रमाणपत्रावर आधारमधलं नाव, आणि ते झालं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. गुरुमांना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेटा, माले इतलं ध्यानमा ऱ्हात नई. तू संगे येशी का?"

येईन म्हटलं.

१ ऑगस्ट

वसतिगृहातल्या एका मुलाची तक्रार. चालण्याबोलण्यावरून टोमणे, खोलीला बाहेरून कडी, गादीवर पाणी. त्याला वाटत होतं की आपण समलिंगी आहोत हे लिहून दिल्याशिवाय तक्रार होतच नाही. तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या दुरुस्तीत रॅगिंगच्या व्याख्येत लिंगओळख आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळ स्पष्टपणे घातला आहे. जे केलं गेलं तेवढं लिहायचं, स्वतःबद्दल काहीही उघड करायची गरज नाही. रासेयोच्या मुलाने त्याच्याबरोबर बसून अर्ज लिहिला, तारखा आणि वेळा घातल्या. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ हा नंबर त्याला दिला आणि आमच्या भिंतीवरही लावला.

११ ऑगस्ट

रविवार, घरोघरी कानबाई, खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. कार्यालय बंद, संस्थेचा फोन चालू. फोन समुपदेशक घेतात, आम्ही विद्यार्थी घेत नाही. प्रशिक्षण नसताना घ्यायचाही नाही. मी फक्त वेळा नोंदवायला होते.

आजचे फोन बहुतेक पुण्या-मुंबईहून रोटांसाठी, म्हणजे या सणाच्या प्रसादाच्या जेवणासाठी, घरी आलेल्या मुलांचे. सगळं भाऊबंद एका ओट्यावर, आणि बोलण्याचा विषय स्थळ. एक जण दबक्या आवाजात म्हणत होता, बहुधा गच्चीवरून : "मुलगी बघायला उद्या जायचंय. मी हो म्हटलं तर तिच्या आयुष्याचं काय?" त्याला स्वतःपेक्षा त्या न पाहिलेल्या मुलीची काळजी जास्त होती. समुपदेशकांनी त्याला उद्यापुरता एक मार्ग शोधून दिला : नोकरी बदलतोय, वर्षभर विषय नको. वर्षभराचा अवकाश मिळाला तरी पुढचं बोलता येतं. संस्थेचा फोन रात्री बंद असतो, म्हणून शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाला सांगितला जातो.

तृतीयपंथी माणूस गावाला दिसतो, गाव त्याला नावं ठेवतं पण तो आहे हे मान्य करतं. हा मुलगा गावाला दिसतच नाही. आमच्या कामातला हा भाग सगळ्यात अवघड आहे असं माझं मत होत चाललं आहे.

२२ ऑगस्ट

केळीच्या पट्ट्यातून एक आई आली, मुलाला घेऊन. मुलगा एकोणीसचा. तो बाहेर बाकावर बसला. रासेयोचा मुलगा त्याच्यासाठी चहा घेऊन गेला आणि दोघं क्रिकेटवर बोलत राहिले. आतलं मी लिहिते आहे, आईच्या परवानगीने.

आईच्या पिशवीत फाइल. रक्ताच्या तपासण्या, हार्मोनच्या तपासण्या, इंजेक्शनं, गोळ्या. कुठल्याशा शहरातल्या एका डॉक्टरने "मुलगा नीट होईल" असं सांगून वर्षभर हे चालवलं. त्याआधी भगताकडेही नेऊन झालं होतं. फाइल टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, हा पोटात व्हता तवा मी फवारणी झालेल्या बागात कामाला जायची. त्याचं तर नसंल ना हे?"

एकोणीस वर्षं ही बाई हा हिशोब मनात मांडत बसली होती. मुलाचे वडील मोबाइलला दोष देतात, सासू हिच्या माहेरच्यांना. समुपदेशक खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "काकू, फवारणीचा काही संबंध नाही. हा आजारच नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही, त्याच्याही हातून नाही." मग तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं : जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच जाहीर केलं, आणि असं "बदलण्याचे" उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. हे मद्रास उच्च न्यायालयात एका मुलींच्या जोडीने लढलेल्या खटल्यामुळे घडलं.

गोळ्या लगेच बंद करा असं मात्र कोणी म्हटलं नाही. काही औषधं अचानक थांबवून चालत नाहीत. संस्थेच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे फाइल पाठवली, औषधं कशी कमी करायची ते तेच सांगतील.

आईने विचारलं, "मंग लग्नाचं?" समुपदेशक म्हणाल्या, "आज तो प्रश्न नाही. आज तो जेवतो का, झोपतो का, एवढंच बघायचं." तिने मान हलवली. पटलं असं नव्हे. पण जाताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरली, येताना ती त्याच्या पुढे चार पावलं चालत होती.

६ सप्टेंबर

कलम ३७७ च्या निकालाला आज सहा वर्षं. उद्या गणपती, त्यामुळे हजेरी कमी. निमित्ताने जुना वाद परत निघाला : जळगावात अभिमान पदयात्रा (प्राइड मार्च) काढायची का?

संगणकशास्त्राचा मुलगा ठाम होता, काढायचीच. पुण्यात निघते, मुंबईत निघते, इथे का नाही? माझं म्हणणं वेगळं आहे. पुण्यात रस्त्यावर उतरणारा संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीवर जातो. इथला संध्याकाळी बापाच्या घरी जातो. फोटो त्याच्या आधी पोचलेला असतो. ज्यांना दिसायचं आहे त्यांना दिसू द्यावं, पण पदयात्रा हे संस्थेच्या कामाचं माप होऊ नये.

यावर आमच्या गटातली तृतीयपंथी मैत्रीण म्हणाली, "तुम्ही लपायचं की नाही ते ठरवू शकता. आम्ही रोजच रस्त्यावर असतो. मग आमच्याबरोबर चालायला इतकी भीती कसली?" हे मला खोडता आलं नाही. निर्णय झाला नाही, विषय उघडा ठेवला.

दुसरं, कामाचं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने १ सप्टेंबरला प्रसिद्धिपत्रक काढलंय. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले मानावं, संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला वारस म्हणून नामनिर्देशित करायला अडचण नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. त्याची मराठी प्रत करून तीन जिल्ह्यांतल्या ओळखीच्या वकिलांना पाठवली. बँकेच्या खिडकीवर नुसतं तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, कागद पुढे सरकवावा लागतो.

१९ सप्टेंबर

लांबचा दिवस. दोघी मुली, दोघी सज्ञान, सुरतेला साड्यांच्या कारखान्यात काम करतात आणि एकत्र राहतात. एकीच्या घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली. पोलीस ठाण्यातून फोन : जबाब द्यायला या. दोघींना भीती, गेलो की परत येऊ देणार नाहीत.

वकीलबाई, विधीची एक विद्यार्थिनी आणि मी असे बरोबर गेलो. जन्मतारखेचे पुरावे, सुरतेचा भाडेकरार, पगाराच्या पावत्या, सगळ्याच्या दोन प्रती. आणि ११ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा देवू नायर खटल्यातला निकाल छापून. त्यात अशा प्रकरणांसाठी न्यायालयांना मार्गदर्शक सूचना आहेत : व्यक्तीशी एकांतात बोलावं, तिची स्वतःची इच्छा जाणून घ्यावी, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करू नये, जन्मदात्या घराची मर्जी तिच्या मर्जीच्या वर ठेवू नये.

ठाण्यात एकाने हसत विचारलं, "मग नवरा कोण यात?" वकीलबाईंनी उत्तर दिलं नाही. कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, जबाब लिहायला घ्या." आवाज चढवला नाही, बसायची परवानगीही मागितली नाही, सरळ बसल्या. मी हे डोळ्यांत साठवून घेतलं. मुलीने सांगितलं : मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने राहते, मला कोणी पळवलेलं नाही. अधिकाऱ्याने ते तसंच लिहून घेतलं, हेही नोंदवायला हवं.

आवारात वडील उभे होते, लिंबाखाली. लेकीकडे बघत होते, बोलले नाहीत. भाऊ मोटारसायकलवर बसस्टँडपर्यंत मागे आला. म्हणून एसटी सोडली आणि दोघींना सुरतेची गाडी मिळेल अशा स्टेशनवर नेलं. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. गाडी हलल्यावर मेसेज आला : जागा मिळाली.

१० ऑक्टोबर

गुरुमांच्या आधारवर धुळे जिल्ह्याचा पत्ता आला. पोर्टलवर अर्ज भरायला घेतला. प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यांना अहिराणीत वाचून दाखवला, दोनदा. "बदललेलं नाव" या रकान्यापाशी थांबल्या. डेऱ्यात सगळे ज्या नावाने हाक मारतात ते त्यांच्या गुरूने दिलेलं. तेच लिहायचं का म्हणून विचारलं. तेच, म्हणाल्या.

२४ ऑक्टोबर

मुद्रांकाचा घोळ. या महिन्यात राज्याने १०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक केला आणि लगेच एका सेतू केंद्रावर प्रतिज्ञापत्रासाठी ५०० मागितले. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. त्या माफीच्या आदेशाची प्रत दाखवल्यावर साध्या कागदावर झालं. रोज मंगतीवर पोट असलेल्या माणसाला पाचशे रुपये म्हणजे काय, ते खिडकीमागे बसणाऱ्याने एकदा तरी मनात आणावं. आता ही प्रत प्रत्येक फाइलमध्ये पहिल्या पानावर.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान. संस्था कोणत्याही पक्षाच्या बाजूने नाही. वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील यांची उमेदवारी सप्टेंबरात जाहीर केली तेव्हा आमच्यातले काही हरखून गेले होते, आपल्याच जिल्ह्यातली तृतीयपंथी उमेदवार म्हणून. ताईंनी तेव्हाच सांगितलं : प्रचार करायचा तर स्वतःच्या नावाने, संस्थेचं ओळखपत्र घरी ठेवून. आमचं काम मतदारयादीत नाव घालण्यापुरतं. त्यासाठीच्या नमुना ६ या अर्जावर लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय आहे, तो भरून घेणं आणि मतदानाला बरोबर जाणं.

एका केंद्रावर बायकांची रांग आणि पुरुषांची रांग, दोन्हींतून आमच्या मैत्रिणीला "तिकडे जा" म्हणाले. केंद्राध्यक्षांनी बाहेर येऊन तिला बायकांच्या रांगेत उभं केलं. रांगेतल्या एका म्हातारीने सरकून जागा दिली आणि विचारलं, "कोनाची वं तू?" मैत्रीण म्हणाली, "इथलीच, माय."

५ डिसेंबर

गुरुमांचं प्रमाणपत्र आलं. पोर्टलवरून उतरवून, रंगीत छापून, लॅमिनेट करून डेऱ्यावर नेलं. त्यांना वाचता येत नाही. कागद उलटसुलट केला, फोटोवर बोट ठेवलं, मग नावावर. "हाई नाव मन्हंच शे ना?"

तुमचंच, म्हटलं. चेल्यांनी पेढे वाटले. एकीने तिथल्या तिथे विचारलं, माझा अर्ज कधी भरायचा? तिच्या आधारवरही दुसऱ्याच जिल्ह्याचा पत्ता आहे. नमुना पिशवीत होता, भरायला घेतला.

१९ डिसेंबर

सत्र संपतंय, पुढच्या गटाला हस्तांतर. रासेयोच्या ज्या मुलांचे तास केव्हाच भरले त्यातले बरेच जण आज आले होते.

प्रलंबित कामं : नव्या संहितेबद्दलच्या निवेदनाचा दुसरा मसुदा वकीलबाईंकडे आहे, दुरुस्त्या आल्या की सह्या घ्यायच्या. वसतिगृहातल्या मुलाला खोली बदलून मिळाली, पण तक्रारीचा लेखी निर्णय आलेला नाही, विचारणा सुरू ठेवायची. केळीच्या पट्ट्यातल्या आईचा फोन येतो, ती मुलाबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलायला लागली आहे. तिची वेळ दुपारी तीननंतरची, घरात कोणी नसतं तेव्हा. तिच्या नंबरवर आपण होऊन फोन करायचा नाही. पदयात्रेचा विषय जानेवारीच्या बैठकीत, आणि त्या बैठकीला डेऱ्यातल्या दोघींना बोलवायचं.

गुरुमांचा निराधार योजनेचा अर्ज : आधारवर नवं नाव आलं की लगेच. बँक खात्यावर अजून जुनं नाव आहे, तेही त्याच दिवशी बदलायला टाकायचं, नाहीतर पैसे अडकतील. शाखेत गर्दी सोमवारी असते, मंगळवारी जायचं. त्यांना सकाळी लवकर जमत नाही, गुडघे धरतात. अकराच्या सुमारास डेऱ्यावरून रिक्षाने, आणि दोघांनी बरोबर जायचं : एकाने रांगेत, एकाने त्यांच्याजवळ.